आडव्या वाटेवरचा तलाव

मुलुंडहून बोरिवलीला कसं जायचं, असं विचारलं की घरातली मोठी माणसं सांगत, "दादरला उतर, पूल चढ आणि पलीकडची गाडी पकड." नकाशावर ही दोन उपनगरं जवळजवळ समोरासमोर आहेत. मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पण त्यांना वळसा घालायला माणूस थेट दादरपर्यंत खाली उतरायचा आणि तेवढाच पुन्हा वर चढायचा.

याचं मूळ रुळांत आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १८६७ मध्ये पश्चिमेच्या बाजूने विरारची गाडी सुरू झाली. बंदर, गिरण्या, कचेऱ्या सगळं दक्षिणेला असल्यामुळे दोन्ही मार्ग उभे आखले गेले. साष्टी बेटाच्या पोटातून आडवं जाण्याचा एक प्रयत्न मात्र झाला होता, आणि तो आज फार कुणाला आठवत नाही. १९२८ मध्ये ट्रॉम्बे ते अंधेरी अशी कुर्ल्यावरून जाणारी रेल्वे सुरू झाली, ती १९३४ मध्ये बंदही पडली. त्यानंतर अंधेरीहून पूर्वेकडे पुन्हा रुळांवरून जायला ८ जून २०१४ उजाडला! वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो, ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. मधली ८० वर्षं हा भार बसगाड्यांनी वाहिला. ३४० नंबरच्या बसमध्ये साकीनाक्याला घामाघूम होऊन उभं राहिलेल्या माणसाला त्या वर्षांची लांबी वेगळी सांगावी लागत नाही.

या आडव्या पट्ट्याच्या उत्तरेला पवई तलाव आहे. १८९१ च्या सुमारास मुंबईची तहान भागवायला तो बांधला गेला, पण पाणी पिण्याजोगं ठरलं नाही. शहराच्या दृष्टीने तो जणू वाया गेलेलाच तलाव. तरीही पुढे शहर त्याच्याच काठावर आलं. १९५८ मध्ये सुरू झालेली आयआयटी इथे आली, जवळच लार्सन अँड टुब्रोचा कारखाना वाढला, १९७३ मध्ये अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं, मग हिरानंदानीच्या इमारती. काम दक्षिणेकडून उपनगरात सरकलं आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड ही मधली गल्ली न राहता धोरी नस झाली.

तलावाकाठी दळणवळणाचं केंद्र म्हटलं की मला केनियातलं किसुमू आठवतं. मोंबासाहून निघालेली रेल्वे डिसेंबर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरापाशी तिथे पोचली. ती बांधायला ३० हजारांहून अधिक हिंदी मजूर नेले होते, त्यांतले सुमारे अडीच हजार मरण पावले. गाडीतला माल तिथे बोटीत चढायचा आणि युगांडाकडे जायचा. म्हणजे पाणी हाच पुढचा रस्ता. पाणी बिघडलं वा उथळ झालं तर बंदराला त्याची झळ बसणारच.

पवईत पाण्यावरून कुणालाच कुठे जायचं नाही. रस्ता काठाला घासून जातो आणि त्यावरच्या हजारो माणसांचं पाण्यावाचून काही अडत नाही. माझ्या मते तलावाचं खरं दुखणं हेच आहे. सांडपाणी येत राहतं, गाळ साचतो, जलपर्णी पसरते, आणि बस वेळेवर असली की आपल्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही. काठावर भराव घालून सायकल ट्रॅक करायला घेतला, तेव्हा लोक न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. मिठी नदी याच पाण्यातून आणि विहार तलावाच्या सांडव्यातून निघते, हे २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर तरी मुंबईला वेगळं सांगायला नको होतं.

आता लिंक रोडवर मेट्रो ६ चे खांब उभे राहिले आहेत. लोखंडवाला ते विक्रोळी. गोरेगाव-मुलुंड मार्गासाठी उद्यानाखालून प्रत्येकी ४.७ किलोमीटरचे दोन बोगदे व्हायचे आहेत. हे सगळं हवंच आहे. दादरचे जिने चढलेल्या माणसाला मी वेगळं काय सांगणार? पण मेट्रोच्या आराखड्यात एका स्थानकाचं नाव 'पवई लेक' आहे, आणि त्या नावापासून थोड्याच अंतरावर, थंडीच्या सकाळी, काठाच्या चिखलावर मगर अजून ऊन खात पडलेली दिसते.