डोंगरावरच्या वायरलेसचा आवाज का बसतो?

पावसाळा तोंडावर आला की धरणातून सुटणाऱ्या पाण्याची वर्दी वेळेत मिळणे हीच नदीकाठची मोठी काळजी. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तेव्हा कित्येक गावांची वीज गेली, फोन मुके झाले. अशा वेळी आधार वायरलेसचा. आणि नेमके तेव्हाच पोलीस पाटील सांगतात, "आमचं बोलणं तालुक्याला जातंय, पण तालुक्याचं आमच्याकडं नुसतं खर्र खर्र!"

ही तक्रार नीट ऐकली तर निम्मे निदान तिथेच होते. गावाचे बोलणे डोंगरावरच्या रिपीटरपर्यंत पोचते, म्हणजे एरियल आणि ऐकण्याची बाजू बहुधा ठीक. रिपीटर जे पुढे पाठवतो त्यातच जोर नाही. तालुका डोंगराच्या जवळ, त्याचे भागते. लांबच्या गावाचे भागत नाही. मग कोणी बॅटरी बदलतो, कोणी सेट. दोष मात्र पुष्कळदा डुप्लेक्सरमध्ये असतो.

रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो, तेही एकाच एरियलवर. या दोन फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळू न देणारी धातूची चार-सहा नळकांडी म्हणजे डुप्लेक्सर. तो थोडी ताकद खातोच. दीड डेसिबल घट धरली तर 50 वॅट घातल्यावर 35 बाहेर पडतात. त्यात बिघाड नाही. पण 15 च निघत असतील तर बाकीची ताकद उष्णता होऊन वाया जाते नाहीतर उलटी फिरते. बॅटरी मात्र तेवढीच उतरते.

मेकॅनिकने वॅटमीटर आणि डमी लोड घेऊनच वर जावे. आधी ट्रान्समीटर थेट डमी लोडवर तपासावा. मग मध्ये डुप्लेक्सर घालून त्याच्या एरियलकडच्या तोंडाला डमी लोड लावावा. शेवटी एरियल जोडून परत येणारी ताकद पाहावी. मधल्याच पायरीला आकडा घसरला तर डुप्लेक्सर किंवा त्याच्या जोडकेबली. बहुतेक वेळा सापडते ते क्षुल्लकच: सैल कनेक्टर, केबलीत शिरलेली ओल, हिरवट गंज. एकेक केबल बदलून पाहावी.

नळकांड्यांवरचे स्क्रू मात्र अंदाजाने फिरवू नयेत. वॅटमीटरचा काटा वर चढेल, पण स्वतःच्याच ट्रान्समीटरच्या गोंगाटाने रिपीटर बहिरा होईल आणि गावाचे बोलणेही बंद पडेल. ट्यूनिंग वर्कशॉपातच, योग्य यंत्रावर.

तलाठी-ग्रामसेवकांनी "वायरलेस बंद" एवढेच लिहून धाडू नये. कोणत्या बाजूचे ऐकू येत नाही, कधीपासून, पावसातच की उन्हातही, हे लिहावे. आणि मे महिन्यातच लिहावे. जूननंतर डोंगरावर गाडी चढत नाही.