महाविद्यालयानंतरचे मित्र

महाविद्यालयाचे अखेरचे वर्ष संपते. निरोपसमारंभात पत्ते लिहून घेतले जातात आणि ‘भेटत राहू’ असे प्रत्येक जण मनापासून म्हणतो. दोन-तीन वर्षांनी त्यांपैकी किती भेटी घडल्या याचा हिशेब केला, तर मन खट्टू होते. आपल्याच स्वभावात काही उणे असावे, असा समज करून घेऊन पुष्कळ जण मुकाट्याने एकटे पडतात. हा समज कसा चुकीचा आहे, ते पाहू.

विद्यार्थिदशेत मैत्री सहज जुळते, कारण तिला लागणारी सामग्री महाविद्यालय न मागता पुरवीत असते. तोच वर्ग, तेच वाचनालय, वसतिगृहातील तीच पंगत. भेट ठरवावी लागत नाही. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली या सहवासाचे मोजमाप प्रसिद्ध केले. ओळखीची सर्वसाधारण मैत्री होण्यास सुमारे ५० तास, खरी मैत्री होण्यास ९० तास आणि जिव्हाळा निर्माण होण्यास २०० हून अधिक तास लागतात, असे त्यांना आढळले. दिवसाचे पाच तास बरोबर असणाऱ्या विद्यार्थ्यांचे २०० तास चाळीस दिवसांत भरतात. नोकरी करणाऱ्यास आठवड्यातून दोनच तास मिळाले, तर त्यासाठी १०० आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे लागतात. उणीव स्वभावाची नसून सहवासाची असते.

बालाघाट जिल्ह्यातील मराठी तरुणांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवसापासून ती भोपाळ झाली. सोयरसंबंध गोंदिया-भंडाऱ्याकडे आणि शासनाचा व्यवहार हिंदीत, अशा दोन काठांवर आपली घरे उभी राहिली. शिक्षण संपले की कोणी जबलपूर-भोपाळची वाट धरतो, कोणी नागपूर-पुण्याची. पुण्यात त्याच्या मराठीतील हिंदी वळण ऐकून लोक हसतात, भोपाळात त्याची मराठी बोलायला कोणी नसते. इकडे वारासिवनी, कटंगी किंवा लांजीस राहिलेल्याच्या बरोबरीचे सारे निघून गेलेले असतात. जो गेला तो नव्या गावी परका आणि जो राहिला तो आपल्याच गावी एकटा.

यावर उपाय कोणता? टिळक आणि आगरकर यांची ओळख डेक्कन कॉलेजात झाली. ती तेथेच संपली नाही, याचे कारण त्यांनी मैत्रीला काम दिले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ साली ‘केसरी’ सुरू झाला, १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे मतभेद विकोपाला गेले आणि १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. तरीही १८९५ साली आगरकर वारले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. समान कार्यातून जुळलेले नाते मतभेदानेही पुरते पुसले जात नाही.

असे कार्य थोर असले पाहिजे असे नाही. ते स्वेच्छेने निवडलेले आणि नियमित असले म्हणजे पुरे. हॉल यांच्या पाहणीतही केवळ नोकरीमुळे एकत्र गेलेले तास मैत्रीस फारसे उपयोगी पडले नाहीत. फावल्या वेळचे तास पडले. भजनी मंडळ, गणेशोत्सवाची तयारी, रविवारचा व्हॉलीबॉल, शेजारच्या मुलांची शिकवणी, यांपैकी काहीही चालेल. मात्र वार आणि वेळ ठरलेली हवी. ‘कधीतरी या’ या निमंत्रणाने कोणी येत नाही. ‘गुरुवारी सायंकाळी सहाला या’ म्हटले की माणसे येतात. पहिल्या चार-सहा भेटी अवघडलेल्या जातात. त्यावरून निष्कर्ष काढू नये. दोनशेंतील तेवढेच तास सरलेले असतात.

स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने आपण वर्षातून एक सायंकाळ, सुमारे दोन तास, एकत्र येतो. केवळ याच भेटीवर विसंबलो, तर जिव्हाळ्याचे २०० तास भरण्यास शंभर वर्षे लागतील. तेव्हा आज सभागृह सोडण्यापूर्वी शेजारी बसलेल्या एका तरी माणसाशी पुढच्या भेटीचा वार ठरवावा. गावाबाहेर राहणाऱ्याने गावी राहिलेल्या एका सोबत्याचे घर आज गाठावे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांना याहून उचित अभिवादन कोणते असू शकेल?