गळक्या घागरीचा विजय

संगणकाच्या स्मृतीचा इतिहास म्हणजे एक गळकी घागर धड घागरींना पुरून उरल्याची गोष्ट आहे.

१९५३ मध्ये एमआयटीच्या 'व्हर्लविंड' संगणकात 'कोअर' मेमरी बसली. तारांत ओवलेलं एक चुंबकीय कडं म्हणजे एक बिट. वीज गेली तरी कड्यातली नोंद जिथल्या तिथे. पण ओवायचं काम बहुतांशी हातांचं, त्यामुळे सुरुवातीला एका बिटाला डॉलरभर पडे.

१९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यात बिट मावेल असं सुचलं. हीच आजची डीरॅम. कपॅसिटरमधला विद्युतभार झिरपतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरायचा. वीज गेली की पाटी कोरी. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप आली. तिला बिटामागे तीन ट्रान्झिस्टर लागत, पण तीही गळकीच. तरी काही वर्षांत कोअर अडगळीत गेली. ओवण्यापेक्षा छापणं स्वस्त पडलं.

पुढे न विसरणारे दावेदार आले. बेल लॅब्समध्ये जन्मलेली 'बबल' मेमरी १९७९ मध्ये इंटेलने दहा लाख बिटांपर्यंत नेली. पण तोवर एकीकडे चिपा आणि दुसरीकडे हार्ड डिस्क स्वस्त होत गेल्या आणि ती मधल्यामध्ये चिरडली गेली.

२०१५ मध्ये इंटेल-मायक्रॉनने थ्रीडी एक्सपॉइंट या न विसरणाऱ्या मेमरीची घोषणा केली: तशाच न विसरणाऱ्या फ्लॅश मेमरीच्या हजारपट वेग, डीरॅमच्या दहापट दाटी. २०२१ मध्ये मायक्रॉन बाहेर पडली. २०२२ मध्ये इंटेलनेही ५५.९ कोटी डॉलरचा माल खर्ची टाकून गाशा गुंडाळला. समर्थक म्हणतात, आणखी वेळ हवा होता. पण खप झाल्याशिवाय किंमत उतरत नाही, किंमत उतरल्याशिवाय खप होत नाही. लग्न आणि वेड यांची जुनीच गाठ.

ती सोडवली एका फ्लॅशनेच. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात मांडली. लिहायला मंद, पुसून पुसून झिजणारी. पण डीरॅमच्या अंगावर न जाता ती आधी कॅमेऱ्यात नि फोनमध्ये शिरली. तिथे खप वाढला, दर उतरले आणि मग तिने हार्ड डिस्कला गाठलं.

आज एआयसाठी त्याच गळक्या घागरींची उतरंड रचली जाते. तिला एचबीएम म्हणतात. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हाती बहुतेक डीरॅम आहे. त्यांची ताकद उतरंडीकडे वळली, तशी साधी रॅम महागली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' ही घरगुती ग्राहकांची शाखा बंद करण्याचं जाहीर केलं.

मग आता नव्याची पाळी आली का? मला तसं वाटत नाही. चढे दर जुन्याच कारखान्यांना नवं भांडवल देतात. चुंबकीय एमरॅम छोट्या नियंत्रक चिपांत गुपचूप रुजते आहे, माझी नजर तिच्यावर आहे. फ्लॅशही अशीच परसदारातून आली होती.