हाताला फोड का येतो?

पेन्शनीत निघाल्यावर मी पहिल्यांदाच दिवसभर कुदळ धरली. संध्याकाळी तळहातावर टपोरे फोड आले. शेजारचा गडी हसून म्हणाला, "मास्तर, तुमची कातडी कच्ची!"

कच्ची कातडी म्हणजे काय? चला, पाहू या.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी फार बारीक असते. कातडीच्या शंभर पेशी ओळीने मांडल्या, तरी ज्वारीच्या दाण्याएवढी लांबी भरत नाही.

पेशी मऊ असते. मग ती चेपून का जात नाही? घराला जसे वासे, तसे पेशीच्या आत धाग्यांचे जाळे असते. कातडीच्या पेशीतील हे धागे केराटिन नावाच्या पदार्थाचे असतात. आपले केस, नखे आणि बैलाच्या शिंगांचे वरचे कवचही मुख्यतः केराटिनचेच.

पण नुसते वासे असून भागत नाही. गोधडीच्या चिंध्या टाक्यांनी एकत्र राहतात. तसेच दोन पेशींमध्येही टाके असतात. आतले धागे या टाक्यांनाच बांधलेले असतात. त्यामुळे एकीवर आलेला ताण शेजारणी वाटून घेतात. जड ओझे चौघांनी उचलावे, तसे हे आहे.

कुदळीचा दांडा सारखा घासला, की कातडीच्या आतील पेशी फाटतात. थर सुटतो. मधे पाणी भरते. तोच फोड! रोज राबणाऱ्याच्या हाताची वरची कातडी जाड होते. तिला आपण घट्टा म्हणतो.

फोडावरची कातडी म्हणजे जखमेवरचे छप्पर. काट्याने फोड फोडू नका. आत घाण शिरेल. साबणाने हात धुवा, स्वच्छ फडके बांधा. पू झाला तर दवाखाना गाठा.

आता एक मनातली गोष्ट सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. जरा घासले, की त्याला फोड येत. जन्मापासून तसेच. रोग लागेल या भीतीने मी त्याला वेगळे बसवले.

काही मुलांच्या पेशीतील धागेच जन्मतः कच्चे असतात. १९९१ साली शास्त्रज्ञांनी हे कारण शोधून काढले. हा दोष शिवल्याने लागत नाही. तो कोणाचा शापही नव्हे. बहुधा त्या मुलाचे असेच असावे.

मला हे उशिरा कळले. तुम्हाला आज कळले. असे मूल दिसले, तर त्याला दूर लोटू नका. जवळ बसवा.