सातशे सत्तर गुणांचे चिलखत

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून चार-पाच जणांनी मेजाभोवती बसावे, एकाने गेम मास्टर होऊन प्रसंग वर्णावा, इतरांनी आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घ्यावेत आणि यशापयश अनिश्चित असेल तेथे फाशांचा कौल लावावा, अशा रोलप्लेइंग खेळांची एक परंपराच उभी राहिली. या खेळांत कथा ज्यात घडते ते कल्पित विश्व आणि त्या विश्वाचा कारभार चालविणारी नियमावली ही दोन्ही एकमेकांत अशी गुंतलेली असतात, की विश्व तेच ठेवून नियम मात्र नवे लावावयाचे म्हटले, म्हणजे कोणता नियम त्या जगाचा प्राण होता आणि कोणता निव्वळ हिशेबाचा शिरस्ता, याची निवड करणे भाग पडते. ही निवड किती कठीण असते, हे 'रिफ्ट्स'च्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके मला अन्यत्र कोठे दिसलेले नाही.

'रिफ्ट्स' हे विश्व केव्हिन सिएम्बीडा यांनी निर्माण केले व त्यांच्याच मिशिगनमधील पॅलेडियम बुक्स या संस्थेने ते 1990 साली प्रसिद्ध केले. मानवजात वैभवाच्या शिखरावर असताना अणुयुद्ध पेटते; लक्षावधी माणसे एकाच वेळी मृत्युमुखी पडतात; त्यांच्या मृत्यूतून मुक्त झालेल्या मनःशक्तीने पृथ्वीच्या पाठीवरील सुप्त ऊर्जारेषा जागृत होतात आणि ठिकठिकाणी अन्य विश्वांकडे उघडणारी भगदाडे पडतात, तीच ही 'रिफ्ट्स'. सुमारे तीनशे वर्षांनंतर, जेथे मंत्रसाधक आणि यंत्रमानव, ड्रॅगन आणि लेसर बंदुका एकत्र नांदतात, अशा उत्तर अमेरिकेत खेळाचा आरंभ होतो. तेथे 'कोअलिशन' नावाची, कवटीच्या आकाराची चिलखते घालणाऱ्या सैन्याची हुकूमत मनुष्येतरांचा उच्छेद करू पाहत असते. आणि 'ज्यूसर' नावाचे योद्धे औषधांच्या बळावर अमानुष चपळाई मिळवून, त्या मोबदल्यात मोजक्या वर्षांचे आयुष्य पत्करतात. विज्ञान आणि अद्भुत यांचे मिश्रण इतक्या निःसंकोचपणे करणारी विश्वे थोडी आहेत.

या जगाचा सर्वांत विलक्षण कायदा म्हणजे 'मेगा डॅमेज'. महाकाय यंत्रांची युद्धे खेळता यावीत, म्हणून 1986 च्या 'रोबोटेक' या खेळात पॅलेडियमने ही तजवीज केली होती. 'रिफ्ट्स'मध्ये तीच साऱ्या जगाला लागू झाली. मेगा डॅमेजचा एक गुण म्हणजे सामान्य हानीचे 100 गुण. साध्या माणसाजवळ सामान्य गुण जेमतेम काही दशक असावयाचे, तेव्हा चिलखताविना असलेल्या माणसाला अशा शस्त्राचा ओझरता स्पर्शही पुरे. उलटपक्षी 'ग्लिटर बॉय' या आरशासारख्या लखलखत्या यंत्रचिलखताच्या मुख्य धडाला 770 मेगा गुण असत, आणि त्याची 'बूम गन' तीन फाशांच्या बेरजेला दहाने गुणून, म्हणजे सरासरीने 105 मेगा गुणांची हानी करी. दोन ग्लिटर बॉय समोरासमोर आले, तर बाराखडी पाठ म्हणावी तशा संथपणाने, 770 तून 110, मग 90, मग 120 अशा वजाबाक्या करीत, सात-आठ नेमक्या माऱ्यांनंतर कोठे निकाल लागावयाचा. त्यात प्रत्येक पात्राला एका फेरीत अनेक चाली, प्रत्येक माऱ्यावर प्रतिपक्षाला तो चुकविण्याची किंवा अडविण्याची मुभा, आणि शेकडेवारीत मोजलेल्या कौशल्यांची लांबलचक यादी, एवढा पसारा सांभाळावा लागे. त्यामुळे विश्वावर जीव जडला, पण त्याचे दफ्तर सांभाळवेना, अशी पुष्कळ खेळाडूंची अवस्था झाली. शिवाय अन्य नियमांत केलेली रूपांतरे जाहीर करण्यास पॅलेडियमची वर्षानुवर्षे मनाई असल्याने, खाजगी वह्यांत उतरलेले असे उद्योग बहुधा वह्यांतच राहिले.

2016 साली मात्र पिनॅकल एंटरटेनमेंट ग्रुपने रीतसर परवान्याने आणि चाहत्यांच्या आगाऊ वर्गणीच्या आधारे, शॉन पॅट्रिक फॅनन यांच्या नेतृत्वाखाली, हे विश्व 'सॅव्हेज वर्ल्ड्स' या 2003 पासून प्रचलित असलेल्या नियमावलीत आणले. या नियमावलीची प्रकृतीच भिन्न आहे. येथे कौशल्य शेकडेवारीत न मोजता चार ते बारा बाजूंच्या फाशाने दर्शविले जाते; प्रमुख पात्राला जोडीला सहा बाजूंचा आणखी एक फासा मिळतो आणि दोहोंतील सरस अंक धरला जातो; सर्वसाधारण कामाला चार पडले की यश; आणि फाशावर त्याचा सर्वोच्च अंक आला, तर तो पुन्हा टाकून बेरीज वाढवीत जावयाची. चिलखताचे गुण कणाकणाने झिजवीत बसण्याची पद्धत येथे नाही. पात्राच्या कणखरपणाचा एक आकडा ठरलेला असतो, माऱ्याची बेरीज त्यापलीकडे जाईल त्या मानाने जखमा होतात, आणि तीन जखमांपलीकडे प्रमुख पात्रही सहसा उभे राहत नाही.

खरी अडचण येथेच उद्भवते, आणि तिचे निराकरण ज्या रीतीने झाले, ते मला या साऱ्या प्रकरणातील अत्यंत मार्मिक काम वाटते. हानीच्या फाशांनाही पुन्हा पडण्याची मुभा असल्यामुळे एखाद्या भुरट्या चोराच्या साध्या पिस्तुलाची बेरीज दैवयोगाने कितीही वाढू शकते. म्हणजे मेगा डॅमेज हा केवळ मोठा आकडा मानून भाषांतरित केला असता, तर नशिबाच्या एका लाटेत ग्लिटर बॉयला त्या पिस्तुलाने जायबंदी करणे शक्य झाले असते. रूपांतरकारांनी शंभराचा गुणाकार सोडून दिला आणि त्यामागची अभेद्य भिंत तेवढी राखली: मेगा दर्जाच्या चिलखताला मेगा दर्जाच्या शस्त्रावाचून इजाच होत नाही, फासे कितीही अनुकूल पडोत. रणगाड्यांसाठी 'सॅव्हेज वर्ल्ड्स'मध्ये असा निर्बंध पूर्वीपासूनच होता. तोच येथे विस्ताराने लागू झाला. शेतावर नांगर धरून उभ्या असलेल्या माणसाला या जगात जी भीती वाटावयास हवी, ती त्या भिंतीत होती. सातशे सत्तर या आकड्यात ती कधीच नव्हती.

पात्रांच्या विषमतेचा प्रश्नही असाच जुना. मूळ खेळात ग्लिटर बॉयचा चालक आणि फाटक्या कपड्यांतला भटक्या एकाच पथकात येत, आणि त्यांना एकत्र वागविण्याचा बंदोबस्त गेम मास्टरने आपला आपण करावा, अशी अपेक्षा असे. नव्या ग्रंथांत थोर पात्रांना त्यांच्या शक्ती आरंभीच एकगठ्ठा देऊन, साध्या पात्रांना पूर्वायुष्यातील अनुभव आणि साधने ठरविणाऱ्या तक्त्यांवर अधिक वेळा फासे टाकू दिले आहेत, आणि सर्वांना 'टुमॉरो लीजन' या एकाच झेंड्याखाली आणून त्यांच्या सोबतीला कारणही पुरविले आहे. विषमता यामुळे पूर्णतः मिटत नाही, आणि ती मिटू नये, असेच माझे मत आहे. कारण विषमता हा 'रिफ्ट्स'चा स्वभावधर्म आहे.

तरीही एका गोष्टीची हळहळ मला वाटते. जुन्या नियमांत 770 चे 660, 660 चे 570 होताना चिलखताला पडत जाणारी प्रत्येक खोक खेळाडूच्या डोळ्यांसमोर उभी राही, रणांगणावरून परतल्यावर ते चिलखत दुरुस्त कोणाकडून करवून घ्यावे व त्याचा खर्च कोठून उभारावा, याचीही एक कथा होई. नव्या व्यवस्थेत चिलखत एक तर पुरते किंवा पुरत नाही, आणि ती मधली झीज, जिच्यात कारागीर, सावकार आणि लुटीच्या वाटण्या यांना जागा होती, बरीचशी नाहीशी झाली आहे. 'सॅव्हेज वर्ल्ड्स'ची पुढील आवृत्ती आल्यावर हे ग्रंथही तिला अनुसरून पुन्हा सुधारले गेले, परंतु ही उणीव राहिलीच. ती भरून काढावयाची, तर प्रत्येक मोठ्या झुंजीनंतर चिलखताच्या कणखरपणातून एखादा अंक दुरुस्ती होईपर्यंत वजा धरावा, एवढा एकच घरगुती नियम गेम मास्टरने जोडला तरी पुरे होईल.