मंद्र नादाची पेटी

घरबसल्या चित्रपट पाहतांना पडद्यावर मेघ गर्जतात आणि कानीं मात्र डबा वाजल्यासारखा आवाज येतो, अशी तक्रार अमडापुरांतील तरुण आम्हांपाशीं करितात. मंद्र नादासाठीं सबवूफर हवा हें खरें. परंतु अर्धें मर्म त्याच्या पेटींत आहे. ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढें हवा दाबतो त्याच क्षणीं मागें ती विरळ होते. पेटी नसेल तर दोन्ही लहरी परस्परांस गिळतात.

रिकाम्या बाटलीच्या तोंडाशीं फुंकर घातली असतां ती घुमते. या घुमण्याचें गणित जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं एकोणिसाव्या शतकांत मांडलें. नळी बसविलेली पेटी तशीच घुमते. नळी व ध्वनिक्षेपक यांची जागा वगळून 60 लिटर पोकळी, 10 सेंटिमीटर व्यासाची व सुमारें 36 सेंटिमीटर लांब नळी, एवढ्यानें सेकंदास 30 कंपनांचा नाद साधतो. मात्र हीं मापें प्रत्येक ध्वनिक्षेपकास मानवतीलच असें नाहीं. निर्मात्यानें दिलेले आंकडे पाहूनच पोकळी ठरवावी. 18 मिलिमीटर जाडीचें प्लायवूड घ्यावें, आंतून आडवे आधार द्यावे, सांधे हवाबंद करावे. तीस कंपनांच्या फार खालीं पडदा मोकाट हालून फाटण्याचें भय असतें.

शेवटीं एक विनंति. या नादाची लहर साडेअकरा मीटर लांब. ती भिंतीस सहसा जुमानीत नाहीं. 2000 सालच्या नियमांनीं निवासी भागांत रात्रीं दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु भिंतीपलीकडे कोणी रुग्ण निजला असेल, तर वाचकांनीं नियमाची वाट कां पाहावी?