व्यावसायिक रग्बी : पंधरवड्याची स्पर्धा आणि वर्षभराचा प्रश्न

रग्बी हा खेळ भारताला अगदीच नवा नाही. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात या खेळाचा सामना झाला आणि पुढील वर्षी तेथे एक क्लबही स्थापन झाला. परंतु काही वर्षांतच सभासद रोडावले व क्लब बंद करण्याची वेळ आली. तेव्हा बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून, ते रुपये वितळवून एक करंडक घडविण्यात आला आणि १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेस भेट देण्यात आला. ‘कलकत्ता कप’ या नावाच्या त्या करंडकासाठी १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात सामने होत आले आहेत. करंडक टिकला, ज्या भूमीच्या रुपयांतून तो घडला, तेथे मात्र हा खेळ दीर्घकाळ काही शहरांतील क्लब आणि सैन्यदले यांच्यापुरताच राहिला.

अशा या देशात १५ ते २९ जून २०२५ या काळात मुंबईत अंधेरी येथील क्रीडा संकुलात ‘रग्बी प्रीमियर लीग’ ही पहिली व्यावसायिक स्पर्धा भरविण्यात आली. अल्पपरिचित खेळाला व्यावसायिक रूप कसे दिले जाते आणि त्यात कोणत्या अडचणी येतात, हे समजून घेण्यास हे उदाहरण उद्बोधक आहे.

खेळाचे स्वरूप

रग्बीचा चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पुढे धावता येते किंवा पायाने पुढे मारता येतो. हाताने मात्र तो फक्त बाजूला अथवा मागेच द्यावा लागतो. चेंडू घेऊन धावणाऱ्यास प्रतिपक्षाने पकड करून खाली पाडावयाचे असते. ही पकड खांद्याच्या खालीच करावी लागते. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला की पाच गुण मिळतात. मूळ खेळ पंधरा खेळाडूंचा व ऐंशी मिनिटांचा. सात खेळाडूंचा प्रकार मात्र चौदा मिनिटांत संपतो. हाच लघुप्रकार २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये खेळला जातो. २०२२ च्या गुजरातमधील व २०२३ च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही त्याचा समावेश होता.

मोबदल्याचा जुना वाद

खेळाडूस मोबदला द्यावा की नाही, हा प्रश्न रग्बीत फार जुना आहे. उत्तर इंग्लंडमधील अनेक खेळाडू खाणीत व गिरण्यांत काम करणारे होते. सामन्यासाठी काम सोडले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी अशी तेथील क्लबांची मागणी होती. ती अमान्य झाल्याने १८९५ मध्ये हे क्लब मूळ संघटनेतून बाहेर पडले. मूळ संघटनेच्या रग्बीने मोबदल्यास उघड मान्यता दिली ती त्यानंतर शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये. म्हणजेच व्यावसायिकतेचा उगम चैनीत नसून बुडालेल्या मजुरीत आहे. हे सूत्र आपल्याकडेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

लीगची रचना

मुंबईतील स्पर्धेत सहा शहरांच्या वा प्रदेशांच्या नावांचे संघ होते. राष्ट्रीय संघटना असलेल्या ‘रग्बी इंडिया’ने एका खाजगी उद्योगसमूहाच्या सहकार्याने ही स्पर्धा घडवून आणली. प्रत्येक संघात परदेशांतील नामांकित खेळाडूंबरोबर पाच भारतीय खेळाडू घेण्यात आले. सामना चार मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे सोळा मिनिटांचा ठेवण्यात आला. अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झचा ४१-० असा पराभव केला.

या रचनेमागील हिशेब सरळ आहे. नव्या खेळाला तिकीटविक्रीतून पुरेसे उत्पन्न मिळत नाही. प्रायोजक आणि दूरचित्रवाणी यांवर त्याची भिस्त असते. लहान सामना दूरचित्रवाणीस सोयीचा पडतो, एकाच मैदानामुळे प्रवासखर्च वाचतो, आणि परदेशी खेळाडूंमुळे खेळाचा दर्जा राखला जातो. तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सहा संघांत पाच याप्रमाणे संधी मिळाली ती तीस भारतीय पुरुष खेळाडूंना. ३४ सामन्यांचा प्रत्यक्ष खेळ एकत्र केला तर तो जेमतेम नऊ तासांचा होतो. महिलांसाठी त्या वर्षी लीग नव्हती.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेतही रग्बी हा दुय्यम खेळच आहे. तेथे २०१६ मध्ये पाच संघांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. ती एकाच हंगामानंतर बंद पडली. २०१८ मध्ये सात संघांची नवी लीग उभी राहिली. खेळाडूंच्या वेतनावर मर्यादा घालून खर्च आटोक्यात ठेवण्याचे धोरण तिने स्वीकारले. २०२५ पर्यंत संघांची संख्या अकरावर गेली. परंतु त्या हंगामानंतर काही संघ बाहेर पडले, तर दोघांचे विलीनीकरण झाले. भांडवल व मैदाने यांची वाण नसलेल्या देशातही प्रेक्षक आणि खेळाडू यांचा पाया सावकाशच भरावा लागतो, हा यातील बोध होय.

पाया कोठे भरावयाचा ?

आपल्याकडे हा पाया शाळेतच भरावा लागेल. भुवनेश्वर येथील कलिंग समाजविज्ञान संस्थेत शिकणाऱ्या आदिवासी मुलांनी २००७ मध्ये लंडन येथील चौदा वर्षांखालील मुलांची आंतरराष्ट्रीय शालेय रग्बी स्पर्धा जिंकली. या मुलांना मिळाले होते ते निवास, शिक्षण, आहार व नियमित सराव. आपल्या गावोगावी कबड्डीत मुरलेल्या मुलांना पकड, चपळाई व दमसास यांची ओळख आहेच. प्रारंभास एक चेंडू व मोकळे मैदान पुरते. मात्र लहान मुलांना एकदम पाडापाडी शिकवू नये. कमरेला लावलेली पट्टी ओढली की पकड झाली, असे मानणारा सौम्य प्रकार आधी खेळवावा. डोक्यास मार लागलेल्या मुलास त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये आणि डॉक्टरांना दाखविल्यावाचून पुढेही खेळवू नये, हा नियम शिक्षकांनी काटेकोरपणे पाळावयास हवा.

खरा प्रश्न उरतो तो उरलेल्या साडेअकरा महिन्यांचा. पंधरा दिवसांच्या मानधनावर खेळाडूचे घर चालत नाही. जिल्हा व राज्य पातळीवर वर्षभर सामने, प्रशिक्षित मार्गदर्शक, दुखापतीच्या काळात उपचार आणि खेळाडूंसाठी नोकरीची तरतूद, या गोष्टी असतील तरच एखादा शेतमजुराचा मुलगा वा मुलगी हा खेळ धरून ठेवील. लीग हे शिखर आहे. चढणीची वाट मात्र शाळेच्या मैदानापासून सुरू होते. ती वाट बांधली गेली नाही, तर कोलकात्याप्रमाणे याही वेळी करंडक तेवढा राहील आणि खेळ निघून जाईल.